न धुतलेले पाय

त्या वर्षी माझी प्रार्थनाच आटली होती. रोजच्यासारखी पहाटे उठायची, डोक्यावर पदर घ्यायची, गुडघे टेकायची. पण शब्द ओठांपाशी यायचे आणि तिथंच बसून राहायचे. डोळे मिटले की मला दिसायची आमच्या देवळामागची विहीर, तिच्या काठावर उपडी घातलेली बादली, आणि बादलीवर नीट गुंडाळून ठेवलेला दोर. बाकी काही नाही. कोणाला सांगणार? मी शाळेतली बाई. पांढरकवड्याच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीतल्या अर्ध्या बायका माझ्याच हाताखाली बाराखडी शिकलेल्या. प्रार्थना कशी करावी हे दुसऱ्यांना सांगणारी मी, आणि माझीच ही गत! नवं महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत आलं होतं.

त्या बादलीची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या पाय धुण्याच्या गुरुवाराची सांगावी लागेल. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत एकमेकांचे पाय धुण्याचा रिवाज आहे. प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. समोर बाक, खाली पितळी घंगाळ, तांब्या, पंचा. एकीनं बाकावर बसायचं, दुसरीनं खाली बसून तिचे पाय धुवायचे, मग उलट. बायकांच्या बाजूची सारी मांडामांड माझ्याकडे असे. आता एक गंमत सांगते. आज हसू येतं, तेव्हा ती आम्हाला रीतच वाटायची. पाय धुवायला जायच्या आधी आम्ही साऱ्या जणी घरून पाय धुऊन जायचो! आणि नुसते धुऊन नाही, वज्रीनं टाचा घासून, वर खोबरेल लावून. आपले मळके पाय दुसरीच्या हातात द्यायचे, शोभतं का ते? त्यामुळे घंगाळातलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहायचं, आणि त्याचाही आम्हाला अभिमान होता.

मी तर त्याहून एक पाऊल पुढे. मी साऱ्यांचे पाय धुवायची आणि माझी पाळी आली की "राहू द्या, उशीर झाला" म्हणून उठायची. बाया म्हणायच्या, बाई किती नम्र! मलाही तसंच वाटायचं. दुसऱ्याच्या हातात आपले पाय देणं मला सोसत नव्हतं, पण हे मी स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

आदल्या वर्षीच्या त्या गुरुवारी सगुणा आली. सगुणा म्हणजे आमच्या मंडळीत नव्यानंच आलेली एक विधवा बाई, सरकी काढायच्या जिनात कामाला जायची. काम सुटलं तशी धावतपळत थेट देवळाच्या दारात. केसांत कापसाचे तंतू, आणि पाय तर विचारू नका. घोट्यापर्यंत धूळ, भेगांत काळी माती. मी दारातच उभी होते. माझी जीभ कायमचीच तिखट. वर्गात तिचा उपयोग होई, पण देवळात तिला आवर घालायला हवा होता. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं बाई, ही काय पायांची दशा! आधी विहिरीवर जाऊन पाय धुऊन ये, मग पाय धुवायला बस." दोघी-चौघी हसल्या. सगुणाही थोडी हसली आणि विहिरीकडे गेली. ती परत आलीच नाही. उपासना झाल्यावर मी मागे जाऊन पाहिलं, तर ती बादली आणि तो दोर.

येईल रविवारी, असं मला वाटलं. ती रविवारी आली नाही, पुढच्याही आली नाही. जिनाचा हंगाम संपला तशी ती आपल्या भावाकडे, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात निघून गेली. वर्ष सरत आलं तेव्हा आठवडी बाजारात त्याच गावची एक भाजीवाली मला भेटली. मी सहज सगुणाची चौकशी केली. ती वांगी तोलता तोलता म्हणाली, "हाव, हाये ना बरी. पण देवाचं नाव काढलं का चूप बसते वो ती. म्हनते, देवाच्या घरीबी पायच पाहतेत." मी पिशवी घेऊन घरी आले, पण त्या दिवशी चूल पेटवली नाही. एका माणसाला मी देवाच्या दारातून परत पाठवलं होतं. आता तर माझ्यासाठीही ते दार बंद झालं होतं, असंच मला वाटलं.

पुन्हा गुरुवार जवळ आला तेव्हा मी ठरवलं, जाऊन तिला घेऊन यायचं. पण माझा ताठा बघा! जाताना मी तिच्यासाठी चपलांचा नवा जोड घेतला. मनात भाषणही तयार केलं: मी तुला बोलले ते तुझ्या भल्यासाठीच, तरी वाईट वाटलं असेल तर विसरून जा. माफी मागायला निघालेली मी, आणि चाल अशी की जणू माफी द्यायलाच निघाले आहे.

बुधवारी सकाळी घाटंजीकडे जाणाऱ्या मोटारीनं मला एका फाट्यावर उतरवलं. तिथून अडीच-तीन मैल पायवाट. मोहाचे दिवस होते. सगळं रान त्या गोड, जड वासानं भरलं होतं. श्वास घेतला तरी गुंगी यावी असा वास. झाडांखालचा पालापाचोळा लोकांनी जाळून जमीन मोकळी केलेली, तिच्यावर पिवळसर फुलं पडलेली, कुठं कुठं अजून धूर निघत होता. मधूनच एखादं उशिराचं फूल टप्प करून पडायचं. त्याशिवाय आवाज नाही. मी चालत राहिले आणि दोन वाटा फुटल्या तिथं नेमकी चुकीची धरली. थोड्या वेळानं माझ्या चपलेचा अंगठा तुटला. नवा जोड काखेत होता, पण तो सगुणाच्या मापाचा. माझे पाय त्यात कुठले मावायला! गेले अनवाणी. जमीन तव्यासारखी तापलेली, खाली काळी राख, वर ऊन. पाणी मी घेतलंच नव्हतं. पोचेन की तासाभरात, या तोऱ्यात निघाले होते ना.

दुपार कधी झाली कळलं नाही. झाडं हलल्यासारखी दिसायला लागली, वारा नसताना. कान गच्च झाले. मला वाटलं मी शाळेत आहे आणि मुली मला सोडून खेळायला गेल्या आहेत. मग वाटलं मी लहान आहे, आणि आई अंगणात न्हाणीपाशी उभी राहून मला हाक मारते आहे. एका मोहाच्या बुंध्याशी मी कशी टेकले ते आठवत नाही. एवढं आठवतं, की प्रार्थना करायला गेले तर त्या दिवशीही शब्द आले नाहीत. फक्त म्हणाले, प्रभू, माझ्यानं आता होत नाही.

डोळे उघडले तेव्हा एक म्हातारी माझ्यापुढे उकिडवी बसलेली. हातांवर कोपरापर्यंत गोंदण, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बाजूला मोहाच्या फुलांची टोपली. कोलाम होती की गोंड, मला सांगता यायचं नाही. तिनं वाळक्या भोपळ्याचा तुंबा माझ्या तोंडाला लावला. "पानी पे वो माय. हळू हळू पे," ती म्हणाली. "ऊन लागलं तुले. या उन्हाची काहून निंगाली एकटी?" तिनं ओटीतून दोन लहान कैऱ्या काढल्या, विझत आलेल्या पाल्याच्या राखेत खुपसल्या, आणि माझ्या पायांपाशी सरकली.

मी पाय ओढून घेतले. त्या गुंगीतही! राखेनं काळे, भेगा उललेले, एका बोटातून रक्त आलेले माझे पाय, आणि ही परकी बाई त्यांना हात लावणार! "नको, मी धुते, मी धुते," मी म्हणत राहिले. तिनं मनगट धरावं तसा माझा घोटा धरला आणि म्हणाली, "चूप बस वो. पाय पुढे कर." आणि त्या रानात, जिथं जवळपास थेंबभर पाणी नव्हतं, तिनं तुंब्यातलं उरलेलं तिचं पिण्याचं पाणी माझ्या पायांवर ओतलं. अंगठ्यानं भेगांमधली माती काढली. मग भाजलेल्या कैरीचा गर फुंकून निववला आणि तळव्यांना चोळला. चोळताना तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणत होती. फुलं पडत होती, एक तिच्या पाठीवरही पडलं. मला रडू आलं. चाळीस वर्षांची बाई मी, लहान पोरीसारखी हुंदके देत रडले, आणि ती आपली गुणगुणतच राहिली. बारा वर्षं मी लोकांचे पाय धुतले होते. खरोखरचे मळलेले पाय कोणी हातात घेतले की काय होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ऊन उतरल्यावर तिनं मला उठवलं, माझा दंड धरून आडवाटेनं खेड्याच्या कडेला आणलं, हातानं घरं दाखवली. मी नाव विचारायचं विसरले. वळून पाहिलं तेव्हा ती झाडांत शिरली होती. नंतर मी सगुणाला विचारलं, तर ती म्हणाली, "मोह येचाले कुठून कुठून येतेत बाया. असंन कोनाची माय." पुढच्या वर्षी मी मुद्दाम त्या झाडापाशी जाऊन आले. झाड होतं. याहून जास्त मला काही सांगायचं नाही, आणि कोणाशी वादही घालायचा नाही.

सगुणा अंगणात मोह वाळत घालत होती. मला पाहून आधी घाबरलीच. मग तिचं लक्ष माझ्या काखेतल्या नव्या चपलांकडे गेलं, तिथून माझ्या गर फासलेल्या उघड्या पायांकडे, आणि तिला हसू आवरेना. "अवो बाई, हे तं काखेत कळसा अन् गावाले वळसा झालं!" मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. "चुकलं माझं, सगुणा," एवढंच निघालं तोंडातून.

ती फुलं पसरू लागली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाई, मी विहिरीवर गेलती. पाय धुतले. दोनदा धुतले, दगडानं घासून. पण दारापर्यंत येता येता वल्या पायाले पुन्हा मातीच लागली. मंग म्हटलं, आता कोनतं तोंड घेऊन आत जाऊ?"

खरंच की! विहिरीपासून देवळाच्या दारापर्यंत सगळी मातीच होती. मी तिथून हजारदा आले-गेले असेन, चपला घालून. निघताना मी म्हटलं, उद्या ये. ती म्हणाली, "पाहू." चपला तिनं ठेवून घेतल्या नाहीत. गावातल्या एकाची बैलगाडी फाट्याकडे निघाली होती, तिच्यात तिनं मला बसवून दिलं.

गुरुवारी संध्याकाळी वज्री कोनाड्यातच राहिली. पायांवर कालचा वाळलेला गर, भेगांत राख. तशीच, त्यांवर पुन्हा रस्त्याची धूळ घेऊन, मी देवळात गेले आणि या वेळी बाकावर बसले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पाळकांच्या पत्नी, पाळकीणबाई, हळूच म्हणाल्या, "बाई, बरं नाही का?" लाज वाटत होती, पण मी उठले नाही. माझ्यापुढची जागा रिकामी होती. एक भजन झालं, दुसरं झालं. माझं सारं लक्ष दाराकडे. ती नाही आली तर तो दोष माझा, आणि मी तो घेईन, असं मनाशी म्हणत होते, पण आतून तुटत होते.

तिसरं भजन चालू असताना दारात सावली पडली. सगुणा उंबऱ्यावर उभी. अनवाणी, गुडघ्यापर्यंत धूळ. तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मी ते लुगड्याखाली घेतले नाहीत. जड गेलं, पण पुढे केले. ती आली, घंगाळापाशी बसली आणि माझे पाय हातात घेतले. "बाप्पा, काय पाय झाले वो बाई!" ती पुटपुटली, आणि धुऊ लागली. घंगाळातलं पाणी काळं झालं. मग ती बसली, मी वाकले, आणि त्याच पाण्यात तिचे पाय धुतले. त्या रात्री मी गुडघे टेकले तेव्हा शब्द आले. फार नव्हते, पण आले.

आता माझं वय झालं. सगुणा अजून माझ्या शेजारी बसते. त्या वर्षानंतर आमच्यातल्या एकेकीनं घरून पाय धुऊन येणं सोडलं. आता दर गुरुवारी आमचं घंगाळ गढूळ होतं. नम्रता म्हणजे खाली वाकणं, असं मी समजत होते, आणि वाकणं मला छान जमत होतं. आपले आहेत तसे पाय प्रभूच्या हाती द्यायचे, हे त्यानं मला मोहाच्या झाडाखाली धरून शिकवलं. त्याचे उपकार मी कसे फेडू? कोणीतरी मध्यंतरी म्हणालं, बाई, विहिरीपासून दारापर्यंत फरशी टाकून घेऊ या. मी म्हटलं, राहू द्या, माती बरी आहे.