ठेव वळती झाली तेव्हा

सांगलीजवळच्या आमच्या गल्लीत सातवी पास झालेली सून मी एकटीच. त्याचा तोरा एवढा, की कुठलंही पत्र मला पहिल्या ओळीतच कळायचं!

लग्नात वडिलांनी माझ्या नावे बँकेत मुदत ठेव ठेवली होती. मालक पलटणीत. मी ती ठेव तारण देऊन कर्ज काढलं आणि शिवणाचं मशीन घेतलं. ठेवपावतीच्या पाठीमागे महसुली तिकिटावर माझी सही घेताना मॅनेजर काहीबाही समजावत होते. मी मान डोलावत मनात झंपर बेतत होते.

पुढं हप्ते थकले, पत्र आलं. ‘आपले कर्ज थकले असून’ एवढं वाचून मी पत्र मिटलं. मशीन गेलं तर मिळकत गेली, आणि लग्नसराईचं अंगावर घेतलेलं शिवणही बुडालं.

“आवं आत्याबाई, जप्ती येनार!”

“येऊ दे की,” सासूबाई म्हणाल्या. “दिसलं तर न्हेतील न्हवं?”

अंधार पडायच्या आत दोघींनी मशीन कडब्याच्या गंजीत घातलं.

दहाव्या दिवशी खाकी कपड्यातला, पिशवीवाला माणूस दारात. सासूबाई वाट अडवून उभ्या राहिल्या. “आमच्यात मशीन तर न्हाईच, सुई बी न्हाई!”

“सुई माझ्यापाशी हाय, मावशी,” तो म्हणाला. देवी टोचणारा निघाला. दोघींनी मुकाट दंड पुढे केले.

शेवटी गिऱ्हाइकांनी जीव खाल्ला, तेव्हा मुदत मागायला मी सांगली गाठली. मॅनेजरांनी खातेवही उघडली.

“कर्ज तर गेल्या सोमवारीच फिटलं.”

“कुणी फेडलं?”

“तुमच्याच ठेवीनं. त्यातून वळतं करून घेतलं.”

“मला न विचारता?”

त्यांनी पावती उलटी केली. ‘कर्ज थकल्यास या ठेवीतून वळते करून घ्यावे’, आणि खाली माझीच सही, ऐटबाज. “विचारलं होतं, बाई. आणि पत्राच्या दुसऱ्या ओळीत कळवलंही होतं.”

मी खातेवहीवर वाकले. जप्ती म्हणजे मला ठाऊक ती हलगी, पंच, रस्त्यावर मांडलेली भांडी. इथं उंबऱ्याला कुणाचा पाय लागला नाही, एक नोट हलली नाही. आम्ही दोघी गंजी राखत होतो, आणि तिकडे वडिलांची ठेव अन् माझं कर्ज शाईच्या दोन ओळींत एकमेकांना भेटून मोकळी झाली होती! मी म्हटलं, “त्या दोन ओळी जरा वाचून दाखवता का?” त्यांनी वाचल्या. देवळात उभं राहावं तशी मी ऐकत राहिले.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या.

“मशीन न्हेत्यात?”

“न्हाई. आपलंच हाय.”

“आनि तुज्या बाची ठेव?”

“गेली. थोडी उरलीया.”

त्या म्हणाल्या, “आवाज न करता न्हेली व्हय? लय थोर मानसं!” आणि पदर खोचून उठल्या. “चल, वढ भायेर. मशीन बानंच दिलं म्हनायचं.”

तेव्हापासून कुणी विचारलं, की मी सांगते, माहेरचं आहे.