‘ळ’ काढून दाखवा

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू सरळ विकत घेतलेली नाही. ते वस्तूची परीक्षा घेतात आणि ती पास झाली तरच तिला घरात पाऊल टाकू देतात. खुर्ची घ्यायला गेले तेव्हा दुकानातच तिच्यावर बसून त्यांनी अख्खा पेपर वाचून काढला, शब्दकोड्यासकट. चपला घेताना जुनी जोडी दुकानदाराजवळ ओलीस ठेवतात आणि नवी घालून घाटकोपर स्टेशनला एक चक्कर मारून येतात. अशा माणसाला चित्रं काढायचा टॅबलेट निवडून द्यायचं काम माझ्यावर आलं. कारण एवढंच, की मी पवईच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. तिथे मी फक्त लोकांच्या रजा मांडतो, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.

काका, म्हणजे हेच सासरे, मूळचे जालन्याकडचे. चाळीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. घाटकोपर-विक्रोळीतली दुकानं, दवाखाने, टेम्पोंच्या पाठी, बुद्धविहाराची कमान, सगळीकडे त्यांची अक्षरं. अक्षराच्या बाबतीत माणूस भयंकर कडक. लग्नपत्रिका हातात पडली की आधी अक्षरांची तब्येत बघणार, मग नवरा-नवरीची नावं. माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हाही एकच प्रश्न विचारला, “बाळा, स्वतःचं नाव लिहून दाखव.” तिने लिहिलं. काका म्हणाले, “वेलांटीला लाजू नको, मोठी काढत जा,” आणि लग्न ठरलं.

फ्लेक्स आले तेव्हाही हा माणूस डगमगला नव्हता. हातात ब्रश आहे तोवर जगात कुठेतरी एक कोरी भिंत असतेच, असं म्हणायचे. पण गेल्या वर्षी दम लागायला लागला आणि डॉक्टरांनी टर्पेंटाइन, ऑइलपेंट सगळं बंद केलं. काकांनी ब्रश धुतले, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि खिडकीत जाऊन बसले. दोन महिने बसले. बहिणीचा फोन आला, “दादा, बाबा हल्ली कोणाशी भांडतसुद्धा नाहीत रे!” तेव्हा मी खरा घाबरलो. टॅबलेटची कल्पना तिचीच.

पहिल्या रविवारी मुलुंडच्या दुकानात काका भाजीची कापडी पिशवी घेऊन हजर. विक्रेता रॅम, प्रोसेसर, पिक्सेल असं बरंच काही धडाधड सांगत होता. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि टॅबलेट उचलून सरळ पिशवीत घातला. विक्रेत्याचा चेहरा उतरला. “घाबरू नका, चोरत नाही,” काका म्हणाले. “मावतो का बघतोय. मला रस्त्यावर उभं राहून काढायचंय. टेबलावर मांडायचं धूड नको.” मग तो डाव्या हातावर आडवा धरून ते दहा मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहिले. मला आवडलेला मोठा टॅबलेट चौथ्याच मिनिटाला नापास झाला. लहान उचलला, तर म्हणाले, “पाव्हणं, ह्याच्यात अक्षराचा जीव गुदमरतो.”

त्यानंतर आली खरी परीक्षा. “ह्याच्यावर ‘ळ’ येतो का?” दोन्ही पोटं सारखी, मध्ये कंबर, वर एका दमात शिरोरेषा. ‘ळ’ जमला की बाकीची वर्णमाला आपोआप रांगेत उभी राहते, हा त्यांचा सिद्धांत. एका टॅबलेटवर रेघ पेनच्या मागून रेंगाळत यायची. “माझा हात दादरला पोचला, ही अजून कुर्ल्यातच!” दुसऱ्यावर हात टेकला की नको तिथे ठिपके उमटायचे. “हा माझ्या तळहाताचंही चित्र काढतोय.” घाटकोपरच्या दुकानात तर ते उन्हात दिसतं का पाहायला टॅबलेट घेऊन थेट दाराकडे निघाले. चोरी होऊ नये म्हणून टॅबलेटला बांधलेली वायर ताणली, भोंगा वाजायला लागला, दोन वॉचमन धावत आले. काका उंबऱ्यावरून मला ओरडून सांगतायत, “फेल! नुसता आरसा होतोय. माझं तोंड मला पाठ आहे!”

चौथ्या रविवारी अंधेरीला पोचेपर्यंत मी मनातून हरलो होतो. तिथल्या विक्रेत्या मुलीने मात्र काहीच समजावलं नाही. पेन काकांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “तुम्हीच काढून बघा ना, काका.” काच फार घसरते म्हटल्यावर तिने कागदासारखी खरखरीत फिल्म लावलेला टॅबलेट आणला. तो पिशवीत मावला, उन्हात टिकला, रेघ पेनाबरोबर चालली. काकांनी ‘ळ’ काढला. दुसरं पोट थरथरलं. पुन्हा काढला, पुन्हा थरथरलं. तिसऱ्यांदाही. या खेपेला टॅबलेटमध्ये काढायला खोट नव्हती. काका आपल्या हाताकडे बघत राहिले, आणि चार रविवार ते नेमके कशाला भीत होते ते मला कळलं.

मुलीने हळूच कुठेतरी बोट लावलं. “आता काढा.” या वेळी ‘ळ’ आला तो छापल्यासारखा.

“हा कोणी काढला?” काकांनी विचारलं.

“तुम्हीच की! हे ऑन केलं ना, की रेघ आपोआप सरळ होते.”

“छान आहे गं पोरी. पण माझा नाही. बंद कर ते.”

तिने बंद केलं. काकांनी चपला काढल्या, पाय फाकवून उभे राहिले, डावी मूठ उजव्या मनगटाखाली टेकवली आणि शिडीवर चढल्यासारखा श्वास धरला. बोटांनी नाही, थेट खांद्यातून त्यांनी स्क्रीनभर ‘ळ’ ओढला. वरून शिरोरेषा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेही थरथर नाही!

“अगं बाई! काका, थांबा हां!” म्हणत मुलीने काहीतरी जोडलं आणि आमच्यामागची टीव्हींची अख्खी भिंत उजळली. प्रत्येक टीव्हीवर काकांचा ‘ळ’! वॉशिंग मशीन बघणारी माणसं वळली. काकांना चेव चढला. त्यांनी भिंतभर ‘घाटकोपर’ लिहिलं. कोणीतरी ओरडलं, “अंधेरीत येऊन घाटकोपर? झकास!” आणि टाळ्याच पडल्या. मॅनेजर बाहेर आला. आमच्या दुकानाचं नावही लिहा ना, म्हणाला. “लिहितो की,” काका म्हणाले, “पण बाहेरच्या पाटीवर ‘इलेक्ट्रॉनिक्स’ची वेलांटी दीर्घ आहे. ती आधी ऱ्हस्व करा.” मॅनेजर खरंच बघायला गेला. परतला तो मान हलवत, आणि काकांनी टॅबलेटवर थाप मारून निकाल जाहीर केला, “पास!”

आता काका पुन्हा सगळ्यांशी भांडतात. बहीण सुखात आहे. दुपारची उन्हं कलली की ते बाहेर पडतात आणि त्यांनी कधीकाळी रंगवलेल्या पाट्या शोधून, त्यांच्यासमोर उभं राहून एकेक उतरवून घेतात. गेल्या महिन्यात मीही सोबत गेलो होतो. विक्रोळीतली एक बंद लाँड्री. इमारत पाडायची म्हणून चहूकडून पत्रे ठोकलेले, वर तेवढी पाटी दिसत होती. रंगाचे पोपडे निघालेले, शेवटचं अक्षर जवळजवळ पुसलेलं. मला वाटलं, काका ते नवं काढतील. त्यांनी ते होतं तसंच पुसट काढलं, बराच वेळ लावून. मग टॅबलेट पिशवीत ठेवला आणि पाटीकडे बघत म्हणाले, “चला पाव्हणं. आता पाडू देत त्यांना.”