बिनवासाचा बर्फ

पाली गावात मायकेल नाखव्याला वारा विचारल्याशिवाय कुणी अंगणात मांडव घालत नसे. लग्न असो की बाप्तिस्मा, माणसं आधी चर्चमधून तारीख आणायची आणि मग मायकेलच्या ओट्यावर बसून ती पक्की करायची. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला एवढा मान शोभतोही. पण मान एकदा डोक्यात गेला की कान कामातून जातात. मायकेलचं तेच झालं.

त्याची बायको कार्मिन तीस वर्षं भाईंदरच्या बाजारात मासळी विकत होती. पहाटेपासून हात बर्फात. बोटं वाकडी झाली, गुडघे गेले, आणि या बाईला आयुष्यात बघायचं काय होतं, तर बर्फच. "ज्याला मच्छीचा वास न्हाय असा बरफ एकदा हातात घ्यायचा हाय," असं ती म्हणायची. गुडघे आता असे झाले होते की पुढच्या वर्षी बर्फाच्या डोंगरापर्यंत गाडीत बसवेल याची खात्री नव्हती. जायचं तर यंदाच.

मुलगा एल्टन कामाच्या गडबडीत, म्हणून बेत आखला सुनेनं. स्टेफनी वसईच्या वाडीतली, केळीच्या बागेत वाढलेली. तिनं हिमाचलमध्ये घरात प्रवासी ठेवणाऱ्या एका बाईला रोज फोन करून रस्ते विचारले. ईस्टर झाल्यावर निघायचं, चंदीगडपर्यंत विमान, पुढं भाड्याची गाडी, रामपूर, सांगला, आणि त्याच्या वर बर्फ. आठ दिवस. कागद तिनं फ्रिजवर चिकटवला. त्यात शेवटच्या दोन तारखांसमोर काहीच लिहिलं नव्हतं.

मायकेलनं विचारलं, हे रिकामे कशाला. ती म्हणाली, तिकडं एप्रिलच्या सुरुवातीचा भरवसा नसतो, सकाळी ऊन तर दुपारी बर्फ, रस्ता बंद झाला तर थांबायला हाताशी दिवस हवेत.

मायकेल हसला. ओट्यावर तेव्हा त्याचे दोन खलाशी बसले होते, म्हणून जरा जास्तच हसला. पालीचे लोक गावाबाहेर जातात ते भांगाला, हा बापजाद्यांचा रिवाज. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, जाळ्यात मासळी शिरत नाही, बोटी नांगरावर असतात. ईस्टर तर पुनवेनंतरच येतो, म्हणजे मागोमाग भांग आलाच. सहा दिवसांत जायचं, यायचं, उधाणाला बोटीवर हजर.

"भांगात पानी गप असतं, तं हवा पन गप असते," तो खलाशांना ऐकू जाईल असं म्हणाला. "केळीवाल्यांना हे न्हाय कळायचं."

आणि त्यानं पेन घेऊन ते दोन दिवस खोडले. एल्टननं बापापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यानं परतीची तिकिटं तशीच काढली. 

डोंगराला भरती-ओहोटी कुणी शिकवली होती? ऐन अष्टमीला रामपूरच्या पुढं पावसानं दरड आली, वर बर्फ पडला, रस्ता बंद. कार्मिन हॉटेलच्या खोलीत नवा स्वेटर, नवे लोकरी मोजे घालून दीड दिवस पलंगाच्या कडेला बसून होती. कुणी हाक मारली की उठायला तयार. दुसऱ्या दुपारी विमान गाठण्यासाठी गाडी उलटी वळवावी लागली. तिनं मोजे काढले, घडी घातली आणि पिशवीत तळाशी ठेवले. मायकेल खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला शरम वाटत होती, आणि तसं म्हणायचीही शरम वाटत होती. स्टेफनीनं एका शब्दानं टोचलं असतं तरी बरं झालं असतं.

घरी पोचले त्याच दिवशी हिमाचलच्या त्या बाईनं व्हिडिओ पाठवला. रस्ता उघडला होता, वर स्वच्छ ऊन, सगळं पांढरं. कार्मिननं तो किती वेळा पाहिला कुणास ठाऊक.

रविवारी नवघरची शैला सुके बोंबील न्यायला आली. बाजारात ती कार्मिनच्या शेजारीच बसायची, हौस तिलाही ठाऊक. मायकेल आतल्या खोलीत होता. बर्फ कसा होता, शैलानं विचारलं. कार्मिन सांगू लागली. कंबरेइतका, ऊन पडलं की डोळे दिपायचे. आणि वास, शैलानं विचारलं.

"काय पन वास न्हाय," कार्मिन म्हणाली. "हात धुवायला पन नको."

"नाखव्यानं भांग बरोबर साधला म्हणायचा," शैला म्हणाली.

हे शब्द मायकेलला आत ऐकू आले. आपली अब्रू राखायला ही बाई खोटं बोलतेय, हे त्याला सोसवेना. तो बाहेर आला आणि एका दमात म्हणाला, "आमी बरफापरयंत पोचलोच न्हाय. सुनेनं दोन दिस ठेवलं होतं, ते मी खोडलं. चूक माझी हाय."

शैला अवघडली, बोंबील घेऊन निघून गेली. दारातून स्टेफनीनं सगळं ऐकलं होतं. मायकेलला छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्यानं कार्मिनकडं पाहिलं. तिनं ओट्यावरचे बोंबलाचे तुकडे एकेक करून गोळा केले.

"तुझ्यासाठी न्हवती मी खोटं बोलत," ती म्हणाली. "सांगताना मला तो खरंच हाताला लागत होता. तेवढा एक बरफ होता माझ्याकडं. तो पन घेतलास."