अफसराला दिवाणखाना, बायकोला गाडीखाना

"साहेब, तुम्ही आत या. बायकांना ओट्यावरच बसू द्या."

वकीलसाहेब असं म्हणाले आणि त्यांनी माझ्या दादाच्या खांद्यावर हात ठेवला. जिथं वर्दीवर नवा तारा होता, तिथंच. दादा आत गेला. मी आणि वहिनी बाहेर. दारात टांगा उभा आणि टांग्यात आमचा संसार. दादाची काळी लोखंडी ट्रंक, गुंडाळलेली गादी, स्टोव्ह, पितळेची घागर, वहिनीच्या पुस्तकांचं गाठोडं. वरून परभणीचं ऊन.

ओट्याच्या सावलीत पाण्याचा माठ होता. वकिलीणबाई बाहेर आल्या. आमच्याकडं न बघता त्यांनी माठ उचलला, आत नेऊन ठेवला. मग परत दारात येऊन म्हणाल्या, "बसा की सावलीत."

आम्ही बसलो नाही. दार उघडं होतं आणि दारातून दादा दिसत होता. खुर्चीत, पाठ ताठ, हातात सोनेरी काठाची कपबशी. चांगली कपबशी. पाव्हण्यांसाठी ठेवतात तसली.

खरं सांगते, मला आधी राग आला नाही. आधी हेवा वाटला. माझ्या सख्ख्या भावाचा. एका वर्दीनं त्याला उंबरा ओलांडून आत नेलं आणि मी, त्याच आईच्या पोटची, बाहेर उन्हात. वाटलं, मला का नाही वर्दी? बाईला का नाही देत वर्दी? घसा कोरडा पडला होता आणि मी त्याच्या हातातल्या चहाकडं बघत होते.

आम्ही तिथं भीक मागायला गेलो नव्हतो. बोलावल्यामुळं गेलो होतो.

दादा मॅट्रिक झाल्यावर साधा शिपाई म्हणून भरती झाला. आमचं गाव ताडकळसच्या बाजूला. तिथून पलटणीत गेला, पलटणीत अभ्यास करून अफसरकीच्या परीक्षेला बसला आणि सेकंड लेफ्टनंट झाला. त्याच हंगामात जिल्ह्यातला आणखी एकजण तसाच अफसर झाला. रणजितराव. पोखर्णीकडच्या बागायतदाराचा मुलगा, परभणीत तीन मजली घर. दोघं रजेवर आले तेव्हा परभणी गावानं दोघांचा एकाच स्टेजवर सत्कार ठेवला. दोघांच्या खांद्यावर एकेक तारा. हारही सारखेच. अध्यक्ष होते वकीलसाहेब. माइकसमोर त्यांचा आवाज भरून आला. म्हणाले, "गावाचा जवान सरहद्दीवर असेल तेव्हा त्याचं कुटुंब गावाच्या छपराखाली असलं पाहिजे. माझ्या घरच्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. या दोघांपैकी ज्याला लागतील, त्यानं खुशाल सामान घेऊन यावं."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मागच्या रांगेत उभं राहून.

आमची चूक कुठं झाली ते सांगते. आम्ही ते खरं मानलं. दुसऱ्या कुठल्या वस्तीनं मानलं नसतं. शहाणी माणसं म्हणतात, भाषण ते भाषण. पण आमच्या माणसांनी छप्पन साली सभेत उठून शपथ घेतली आणि घरी येऊन देव्हाऱ्यातले देव उचलून नदीला सोडले. माझी आजी लय भित्री, पण तिनंही सोडले. सभेत बोललं म्हणजे ते करायचं, हे आमच्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक. म्हणून सत्कार झाल्यावर आईनं दुसऱ्याच दिवशी घागर घासायला काढली.

आणि खोली लागत होतीच. दादाची नेमणूक सरहद्दीकडं, तिथं बायकापोरं न्यायची सोय नाही. नव्या अफसराला मेसमध्ये एकट्याची एक खोली मिळते. त्यात पलंग, टेबल, दोन अफसरांत मिळून एक ऑर्डर्ली शिपाई. बायकोसह राहायचा क्वार्टर म्हणजे वर्षानुवर्षं वाट, आणि दादाचं वय पंचविशीच्या आत, त्यामुळं त्याचा तर नंबरच लागत नव्हता. औरंगाबादच्या छावणीत खटपट करून बघितली. तिथल्या बाबूनं सांगितलं, तुमचं तुम्ही बघा, भाड्यानं घ्या. भाड्यानं कुणाकडं घ्यायचं हे बाबूनं सांगितलं नाही. इकडं वहिनीला परभणीच्या अध्यापिका विद्यालयात जागा मिळालेली. वसतिगृहात लग्न झालेल्या बाईला घेत नव्हते. गावाहून एसटी कधी येते, कधी येत नाही. शहरात खोली मिळाली तर मी सोबतीला राहणार आणि वहिनी मास्तरीण होणार, नाही मिळाली तर जागा दुसरीला जाणार. वहिनी आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण होणार होती. एवढ्यासाठी टांगा वकिलांच्या दारात उभा होता.

दादा बाहेर आला. चहा पिऊन. चेहरा खाली.

म्हणाला, "वरच्या खोल्या मी रजेवर आल्यावर मला देतो म्हणायलेत. तोवर तुमी खाली राहा. मागच्या बाजूला गाडीखाना हाय. कोरडा हाय. दार गल्लीतून हाय. पाणी तेवढं बाहेरून आणावं लागंल, आडाला हात लावायचा न्हाई म्हणले."

वहिनीनं विचारलं, "गाडीखान्यात गाडी हाय का?"

"न्हाई. बैल इकले म्हणले."

"मंजी बैलाला नको झाली ती जागा."

वहिनी एवढंच बोलली. हसली पण. तिचं हसणं मला अजून चावतं.

दादा म्हणाला, "एक वर्षाचं काम हाय. सोस थोडं. तुझी जागा जाईल, बघ." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तू मधी बोलू नको. पत्रकं वाटायची ही जागा न्हाई."

मी पत्रकं वाटत होते तेव्हा. कॉलेजात पोरी जमवून, सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लावून. शब्द तोंडपाठ होते. शोषण, अन्याय, समता. त्या ओट्यावर त्यातला एकही शब्द तोंडात आला नाही. माझ्या डोक्यात फक्त ती रिकामी खुर्ची होती. दादा उठून आला ती. मी चप्पल न काढता उंबरा ओलांडला आणि जाऊन तिच्यावर बसले.

वकिलीणबाई म्हणाल्या, "अगं अगं, उठ."

वकीलसाहेब उठून उभे राहिले. ओरडले नाहीत. समजावणीच्या सुरात बोलले, कोर्टात बोलतात तसे. "पोरी, वर्दीचा मान वेगळा, घराचे नियम वेगळे. मी लेफ्टनंटसाहेबांना आत बसवलं, ते काय कमी आहे?"

मी म्हणाले, "मग सभेत घराचं नाव कशाला घेतलं? वर्दीलाच बोलवायचं. ती खुंटीला टांगून ठेवायची."

"मी कुटुंबाला जागा देतो म्हणालो, देतोच आहे."

"वरच्या खोल्या म्हणाला होता तुमी."

"हो. पण कुणाला काय शोभतं, ते बोलणाऱ्याच्या मनात असतं आणि ऐकणाऱ्याला कळावं लागतं."

दादा दारात उभा होता. तोपर्यंत मला वाटत होतं तो मला दंडाला धरून बाहेर काढेल. त्यानं काढलं नाही. त्यानं टोपी डोक्यावर घातली, ट्रंकेची दोरी आवळली आणि टांगेवाल्याला म्हणाला, "चला, चाचा."

वकीलसाहेबांना त्यानं सलाम केला नाही. त्याला जमलं तेवढं त्यानं केलं. मी त्याच्यावर अजूनही थोडी नाराज आहे.

टांगेवाला म्हातारा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. कोपऱ्यावर वळल्यावर म्हणाला, "बाई, वकील साब की जबान स्टेज पे लंबी, घर में आखूड. अब किधर लेना?"

किधर. हाच तर सवाल होता.

मावशीकडं गेलो. रेल्वे रुळापलीकडच्या वस्तीत मावशीची एक खोली, पत्र्याची. मावशी, मावसा, त्यांची पोरं आणि आता वहिनी, मी. मावसा तेव्हापासून बाहेर बाज टाकून झोपायला लागला. वहिनी बुद्धाच्या तसबिरीखाली कंदील ठेवून पाठ काढायची, शेजारी मावशीची पोरं भांडायची. ती विद्यालयात जायला लागली. जागा गेली नाही. पण पहिल्या पावसाळ्यात पत्रा गळला आणि तिची निम्मी पुस्तकं फुगली. दादाच्या पत्राला उत्तर लिहिताना ती लिहायची, "सगळं ठीक." मला ते वाचून तिचा राग यायचा.

महिन्याच्या आत वरच्या खोल्या भाड्यानं गेल्या. रणजितरावाला, बायकोसाठी. ज्याला तीन मजली घर होतं त्याला. का, तर नव्या सुनेला सासरच्या गर्दीत अभ्यास जमत नव्हता. तीही शिकत होती. तिच्या माहेरहून आलेलं कपाट, ड्रेसिंग टेबल, रेडिओग्राम वर चढवताना मी डोळ्यांनी पाहिलं. माझा कॉलेजचा रस्ता त्याच घरावरून जातो.

ती माझ्याच वयाची. सकाळी गच्चीत केस वाळवत बसायची, मांडीवर पुस्तक. कधी आडातून काढलेलं गार पाणी पितळी तांब्यातून प्यायची. पिताना मान मागं टाकायची. मी खालून बघायचे. रोज. रस्ता बदलता आला असता, मी बदलला नाही.

पत्रकात जळणे हा शब्द नसतो. तिथं संताप असतो, चीड असते. ती मोठी माणसं लिहितात, त्यांना शोभतात. मी जळत होते. तिच्या केसांवर, तिच्या पुस्तकाच्या कोरड्या पानांवर, तिच्या खिडकीवर. तिच्या नवऱ्याच्या ताऱ्यावर नाही. तसला तारा आमच्या घरात होता. दोघांना सरकारचा नियम एकच, दोघांना मेसमध्ये तसलीच खोली, दोघांच्या बायका मागं राहिलेल्या. पण त्याला ज्याची गरज नव्हती ते त्याच्या दारात चालून आलं आणि आम्हाला ज्याच्यावाचून अडलं होतं ते आमच्या तोंडासमोर धरून मागं घेतलं. त्या पोरीला हे ठाऊकही नसेल. ते ठाऊक नसणं, त्याचाही मला हेवा वाटायचा.

आमच्यातले काही शिकलेले लोक म्हणतात, हेवा हलका. आपण वर उठावं. मी म्हणते, कुठं उठावं? वर तर ती बसली आहे. पोटभर जेवलेल्याला हेवा सोडून देता येतो. मला तिची खोली तिच्याकडून काढून घ्यायची नव्हती. मला तसलीच खोली वहिनीसाठी पाहिजे होती, पुढच्या दाराची, आडाच्या पाण्याची, भाडं भरून. हे मागणं हलकं असेल तर असू दे.

पुढच्या सत्काराला मी गेले. या खेपेला कुणा खेळाडूचा होता. अध्यक्ष तेच. माइकवर तसाच भरलेला आवाज. तरुणांसाठी माझं घर उघडं आहे, असं काहीतरी चालू होतं. मी उठले.

"वकीलसाहेब, वरच्या खोल्या कुणाला दिल्या?"

ते थांबले. चष्मा काढला. मला ओळखलं त्यांनी. बाजूचा एक कार्यकर्ता म्हणाला, "ए, बस खाली." बायकांच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "काय गं, रणजितरावाच्या बायकोवर जळायलीस व्हय?" बायका हसल्या.

मी म्हणाले, "हो. जळायले. वकीलसाहेब, उत्तर द्या."

माइक बंद पडल्याचं सांगितलं गेलं. दोघांनी मला मांडवाबाहेर नेऊन सोडलं. वस्तीत आल्यावर मावसा म्हणाला, "आता या गावात आपल्याला कुणी भाड्यानं खोली देणार न्हाई." मी म्हणाले, "आधी कोण देत होतं?"

मला कुणाची मेहरबानी नको आहे. गाडीखाना नको, वर्दीच्या मागून मिळालेली खुर्चीही नको. यापुढं या गावात जो कुणी माइकवरून स्वतःचं घर उघडं असल्याचं सांगेल, त्याच्या सभेत मी पुढच्या रांगेत बसणार. भाषण संपायची वाट बघणार नाही. मधेच उठून विचारणार: कोणतं घर, कोणत्या दारानं, कधीपासून. बाहेर काढलं तर पुढच्या सभेला परत येणार. आणि एकटी येणार नाही. वहिनीला सोबत आणणार.