जळालेल्या दाराचं कुलूप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही—ती गेली, तिला न कळताच गेली. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं बरं आहे.

मी अकोल्याचा वकील. कुणावर विश्वास न ठेवणं हा माझा धंदाच. साक्षीदार घाम पुसायला लागला की मी म्हणायचो, याला पढवलंय. नाही पुसला तर म्हणायचो, चांगलंच पढवलंय. मूर्तिजापूरजवळची कापसाची जिनिंग फॅक्टरी जळाली, चार मजूर बाया आत जळून मेल्या, आणि सरकारने तिघांची चौकशी समिती नेमली. अध्यक्ष एक गोरा साहेब, दुसरे निवृत्त हेडमास्तर, तिसरा मी.

पहिल्याच बैठकीत साहेबाने विचारलं, मालकाशी कुणाचा काही संबंध? मास्तरांनी सरळ सांगून टाकलं की मालकाचा मुलगा त्यांच्या शाळेत शिकला. माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला—यांचं काहीतरी साटंलोटं असणार. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, काही नाही.

खोटं होतं का ते? त्याच आठवड्यात माझ्या मुलीची, शालूची पत्रिका मालकाच्या अमरावतीच्या पुतण्यासाठी गेली होती. अजून जुळली नव्हती. जुळल्याशिवाय सोयरीक नाही, सोयरीक नाही तर नातं नाही—असा निकाल मी माझ्यापुरता देऊन टाकला. शालूला दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरा मला नको होता.

पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

जागेची पाहणी करायला गेलो. मास्तर आणि साहेब पुढे निघून गेले होते. अंगणात एक अर्धवट जळालेलं दार आडवं पडलं होतं. त्याच्या दोन्ही फळ्या अजून कुलपाने जोडलेल्या—कुलूप बाहेरच्या बाजूला. बाया ओटीत कापूस लपवून नेतात या संशयाने मालक कामाची पाळी संपेपर्यंत त्यांना कोंडतो, अशी कुजबुज होतीच. मी ते कुलूप नीट पाहिलं. आणि हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी दार तिथे नव्हतं; कुठे गेलं, हेही मी विचारलं नाही.

साक्षीला बाकीच्या बाया गप्प राहिल्या. भागी नावाची एकटी उभी राहिली. तिची बहीण आत जळाली होती.

"दाराले भाइरून कुलूप होतं, साहेब. आमी लय ठोकलं, कोनी उघडलं नाई. मी खिडकीतून पडली, माही बहीण आतच रायली."

मास्तरांचे डोळे भरून आले. मी काय केलं? मी विचारलं, "हे बोलायला तुला कुणी शिकवलं?" मग तेच चार तऱ्हांनी विचारलं—घरी कोण आलं होतं, कधी आलं, काय कबूल केलं. शेवटी ती अडखळली. अडखळणारच. मास्तरांच्याही मनात शंका शिरली, ती मी घातली. अहवालात आलं की दार उघडं होतं, बाया घाबरून आत अडकल्या, आणि या बाईच्या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही. हे शेवटचं वाक्य माझं. मला लाज वाटते.

पत्रिका जुळली. शालूचा साखरपुडा मी मुद्दाम महिनाभर लांबवला. लोकांना संशय यायला नको!

भागीला पुढे कुठल्याच जिनिंगमध्ये काम मिळालं नाही. तीन वर्षांनी मी शालूला सासरी पोचवायला निघालो होतो. बडनेऱ्याला अमरावतीची गाडी यायची होती. वांग्यांची टोपली घेऊन भागी समोर आली. मी ओळख न दाखवण्याच्या बेतात होतो—पण तिने टोपली खाली ठेवली.

"वकीलसाहेब, एक इचारू? मी खोटं बोलून राहिली, असं तुमाले तवा खरंच वाटलं होतं का?"

शालू नातवाला मांडीवर घेऊन शेजारीच बसली होती. ती माझ्याकडे बघू लागली.

मी म्हणालो, "हो."

भागीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर—काय सांगू—सुटल्यासारखं काहीतरी होतं. "मंग ठीक हाये," ती म्हणाली. "मले वाटे, तुमाले सारं ठाऊक होतं."

मला सारं ठाऊक होतं.