सामंत काकांचा तीन बटणांचा बोर्ड

माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे आमच्या मंडळाचे किस्से साठलेत. कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. रविवारी डोंबिवलीत सामंत काकांच्या हॉलमध्ये जमतो आणि सर्किट बोर्ड बनवतो. म्हणजे कॉम्प्युटरवर काढतो. काढलेला बोर्ड चालला, असं फारसं होत नाही.

यंदा काम एकच होतं. काकूंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. काका स्वयंपाकघरात असले की कुकरच्या आवाजात त्यांना काही कळायचं नाही. एकदा काकू बराच वेळ पाण्यावाचून पडून होत्या. ते काकांच्या मनाला फार लागलं. म्हणून त्यांना पलंगाशी तीन बटणांची बेल करायची होती. पाणी, दुखतंय आणि ये, हॉलमध्ये प्रत्येकाचा वेगळा दिवा.

"रेडिमेड मिळते की काका," मी म्हटलं.

"मिळते. पण आयुष्यभर दुसऱ्यांची मशिनं दुरुस्त केली, हिच्यासाठी एवढं तरी स्वतः करू दे."

मी वहीत तीन बटणं काढली.

*

पहिला बोर्ड ग्लेनचा. ग्लेन ठाण्याचा, चर्च उरकून येतो. फुकटच्या सॉफ्टवेअरवर त्याची भारी श्रद्धा. तसं ते आहेच चांगलं. लायसन्स नको, कितीही मोठा बोर्ड काढा. फक्त त्यातली पार्टची चित्रं कोणीही काढलेली असतात. ग्लेनने बटणाचं तयार चित्र उचललं, आणि त्यात पायांच्या जोड्या आडव्याच्या उभ्या होत्या, म्हणजे बटण कायम दाबलेलंच.

बोर्ड आला, जोडला, आणि कोणी हात न लावता बेल वाजायला लागली. थांबेचना. काकूंनी डाव्या हाताने कान झाकला.

"पण सॉफ्टवेअरने झिरो एरर दाखवलेले काका," ग्लेन म्हणाला.

"अरे, त्याने बटण पाहिलंय का कधी?"

*

दुसरा माझा. मी दिवा स्टेशनजवळ राहतो. मी ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर घेतलं, कारण माझ्या जुन्या लॅपटॉपवर दुसरं काही चालतच नाही. छान आहे, तिथेच बोर्डाची ऑर्डरही देता येते. फक्त नेट लागतं. आणि आमच्याकडचं नेट आमच्याकडच्या पाण्यासारखंच, त्याला यायचं तेव्हा येतं. शनिवारभर बसून काढलेलं डिझाइन रविवारी काकांसमोर उघडलं, तर अर्धंच.

"मी सेव्ह केलेलं काका, खरंच."

काकांनी लॅपटॉप बाजूला सरकवला. त्यांनी मला चहा दिला. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

*

मग सुजाता. ती एमआयडीसीत एका कंपनीत ड्रॉइंगवर आहे. तिथलं सॉफ्टवेअर विकतचं, भलतंच महाग. चूक करायला गेलं की आधीच लाल होतं. साहेबांना विचारून तिने लंच टाइममध्ये आमचा बोर्ड काढला. दिसायला एकदम देखणा. पण ती फाइल आमच्या कुणाच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडेना. शेवटी तिने मोबाइलवर फोटो दाखवला.

काकांनी चष्मा वर करून तो नीट बघितला.

"सुंदर आहे गं. पण फोटोला सोल्डर कुठे करू?"

*

तेव्हापासून काका स्वतःच दिवसभर हॉलमध्ये लॅपटॉपपुढे बसायला लागले. आमचा एक नियम आहे. ऑर्डर देण्याआधी बोर्ड कागदावर खऱ्या मापात छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि पार्ट टोचून बघायचे. काकांनी छापून आणला. झेरॉक्सवाल्याने सवयीने पानभर मोठा करून दिला होता. चिपचे पाय भोकांत जाईनात. आता कोणीही परत छापून आणला असता. काकांनी कॉम्प्युटरवरचा बोर्ड लहान केला!

बोर्ड अगदी त्या मापाचा आला. बिस्किटाच्या तुकड्याएवढा.

"सॉफ्टवेअर ऐकतं हो," काका थकून म्हणाले. "तेवढं मात्र चांगलं आहे त्याचं."

खरं सांगतो, मला कंटाळा आला होता. आणि काकांकडे बघवत नव्हतं.

*

शेवटी एक बोर्ड चालला. चौघांनी मिळून काढलेला, फुकटच्याच सॉफ्टवेअरवर, बटणाचे पाय मल्टिमीटरने तपासून. काकांनी तो पलंगाशी बसवला आणि बाहेर आले. लगेच बेल वाजली. "ये"चा दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

काका आत गेले. पाणी हवंय का? काकूंनी मान हलवली, नको. पंखा? नको. उशी? नको. काका बाहेर येऊन खुर्चीत बसतात तोच परत बेल. परत "ये". परत काही नको. तिसऱ्यांदाही तेच.

"बटण आपोआप लागतंय काका," ग्लेन म्हणाला. "वायर नॉइज पकडतेय. तो गाळायला एक कपॅसिटर टाकायला पाहिजे."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी लॅपटॉप उघडला. कपॅसिटर कुठे बसवायचा यावर ग्लेनचं आणि माझं जुंपलं. सुजाता उठून आत बघायला गेली. पुन्हा बेल वाजली.

सुजाता दारात आली. "काका, बोर्डात काही बिघाड नाहीये."

"मग सारखा वाजतोय का?" काकांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

सुजाताने हॉलमधली एक खुर्ची उचलली आणि आत नेऊन काकूंच्या पलंगाशी ठेवली.