कॉम्प्युटरवरचा लाल टॅग

एका गुरुवारी सकाळी आमच्या शिफ्ट ऑफिसातल्या कॉम्प्युटरने रूप पालटलं. डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण खालच्या पट्टीच्या मधोमध येऊन बसलं होतं, चौकोनी खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते आणि जुना निळा पडदा जाऊन तिथे कसलंसं फूल उमललं होतं. बस, एवढंच. पण रोज वितळलेलं पोलाद बघणारी माणसं अशी हादरली, की विचारू नका.

जवळच्या कुम्हारी गावाहून मोटरसायकलने येणारा फिटर म्हणाला, "चांगलं चालून राहिलं होतं, मुद्दाम बिघडवलं." दुसऱ्याला ते गोल कोपरे पोरकट वाटले. ज्याने आयुष्यात माउसला हात लावला नव्हता, त्याने तर जुनंच बरं होतं असा निकालच दिला. सगळ्यांत मोठा धक्का बसला तो मोठ्या बाबूंना. हे आमच्याच भंडाऱ्याकडून इकडे नोकरीला आलेले, पाळ्यांच्या नोंदी करणारे. सवयीने त्यांचा माउसचा बाण कोपऱ्यात जाई आणि तिथे काहीच सापडत नसे.

"इथं काहीतरी काम चालू आहे," ते म्हणाले, आणि खणातून लाल टॅग काढून त्यांनी तो मॉनिटरला बांधला.

आमच्या कारखान्यात लाल टॅगपुढे कोणाचं चालत नाही. यंत्र दुरुस्तीला घेतलं की काम करणारा स्विचवर आपल्या हाताने टॅग लावतो, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. कारण तो लागलेला असतो तेव्हा आत माणूस असतो. हा नियम आम्ही रक्त पाहून शिकलो आहोत. त्या मॉनिटरच्या आत मात्र फक्त एक फूल होतं.

मला हसू येत होतं, पण रविवार आठवला की ते विरत होतं. रविवारी दुपारी माझ्या मुलीला बघायला नागपूरकडचे लोक स्मृति नगरात आमच्या घरी येणार होते. मुलगा तिला पसंत होता, फोनवर दोघांचं जुळलं होतं. राहिली होती फक्त मोठ्यांची भेट. आणि माझी नेमकी क्रेनवर दुसरी पाळी. ती बदलायची तर नोंद याच कॉम्प्युटरवर हवी. नोंद नाही तर बदली माणूस नाही, आणि मी गेलो नाही तर पहिल्या पाळीचा गडी वर क्रेनमध्येच अडकणार.

"बाबूजी, माझं तेवढं टाकून द्या ना," मी म्हटलं.

"टॅग लागून आहे. क्लिअरन्स कोण देईन?"

"टॅग तुमीच लावला."

"म्हणूनच तर. आधी सिस्टीमवाल्याले पाहू द्या."

सिस्टीमवाला शुक्रवारी संध्याकाळी आला, सगळं ठीक आहे म्हणाला आणि गेला. तोवर बाबू भाच्याच्या लग्नाला गावी निघून गेले होते. फोन केला तर म्हणाले, "मी सोमवारी येऊन राहिलो. तोपर्यंत कोणी हात नका लावू." मग पाळीच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "टैग किसका है?" मी सांगितलं. "तो वही निकालेगा," म्हणाले आणि चहा प्यायला लागले. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती, पण खरं सांगतो, माझाही हात त्या टॅगकडे गेला नाही.

रविवारी पाहुणे आले, पोहे खाल्ले. मुलाच्या वडिलांनी माझी चौकशी केली. बायकोने ड्यूटी सांगितली, तर म्हणाले, "एक दिवस सुट्टी नाही मिळाली?" सोमवारी सकाळी त्यांचा निरोप आला. ज्या घरी बापालाच वेळ नाही, तिथे सोयरीक नको. मुलीने तो मला वाचून दाखवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी ऑफिसात पोचलो तेव्हा बाबू टॅग सोडत होते. मधलं बटण दाबलं, सगळं उघडलं. "चालू तर आहे," ते म्हणाले, "तुमी वापरला नाही कावून?"

मी त्यांना घरचं सगळं सांगितलं. मग शोधत शोधत त्यांनी माझं नाव काढलं.

"पुढच्या रविवारी टाकू का मंग सुट्टी?"

"नका टाकू," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी कोणी येऊन नाही राहिलं."